पिकअप एकाची, इंजिन दुसऱ्याचं

अहो, ऐकलंत का? या, अशा कुंपणाला लागून उभ्या राहा. मोठ्यानं बोलायची सोय नाही, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी या वेळेला सताड उघडी असते. बोगनवेलवाल्यांच्या पिकअपमध्ये भलतंच इंजिन निघालं! आरसी बुकात एक आणि बॉनेटखाली दुसरंच. आणि हे काही काल-परवाचं नाही बरं का. वीसेक वर्षं त्या गाडीतून द्राक्षं गेली, वऱ्हाडं गेली, आपल्या कॉलनीचा गणपती गेला, आणि कुणालाही पत्ता नाही. कुणालाही म्हणजे... येतेच त्याच्यावर.

गाडी तुम्हाला ठाऊकच आहे. १९८९ ची महिंद्रा, आजोबांनी द्राक्षांच्या क्रेटसाठी घेतलेली. मॉडेलच्या नावापुढेच डीपी, म्हणजे डिझेल प्यूजो. डिझाइन फ्रान्सच्या प्यूजोचं, बनवलेलं महिंद्रानं, २११२ सीसी. आठवतं ना, आजोबा कसे सांगायचे? कुणी नुसतं 'गाडी बरी आहे' म्हटलं की लगेच, 'फ्रेंच आहे ती!' आजोबा गेले आणि गाडी शेडमध्ये गेली. वरून ताडपत्री, ताडपत्रीवर मांजरीची पिल्लं. आता बोगनवेलवाल्या वहिनींच्या धाकटीनं डोक्यात घेतलं की ही गाडी चालू करायची. पॉलिटेक्निकला मेकॅनिकल करते ना ती. वहिनींना हे मुळीच पसंत नव्हतं. 'मुलगी बघायला येतील तेव्हा हाताला ग्रीस असेल,' म्हणाल्या मला. मी म्हटलं, अहो, निदान भांड्याची राख तरी नसेल!

तर काय सांगत होते... हं. सातपूरचे मिस्त्री आले, ढकलून-ढकलून एकदाची गाडी सुरू केली. पण इंजिन ऑइल काढून बघतात तर चहासारखं दुधाळ. पाणी शिरलेलं. 'हेड गॅस्केट गेलं,' मिस्त्री म्हणाले. वहिनींचे मिस्टर किती हौशी, लग्गेच पुस्तक बघून प्यूजोचं गॅस्केट घेऊन आले. आणून ठेवलं देवघरासमोरच्या टेबलावर. हे लक्षात ठेवा.

मध्ये कागदपत्रांचं निघालं. पासिंग कधीच संपलेलं. एजंट म्हणाला, आधी चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर पेन्सिलनं छापून आणा. म्हणजे कसं, नंबर कोरलेला असतो त्याच्यावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, आपण लहानपणी नाणं छापायचो तसंच. चेसिसचा नंबर तंतोतंत जुळला. इंजिनाचा नंबर मात्र... वायर ब्रशनं गंज काढला, रॉकेल लावलं, खडू चोळला. अक्षरं छान वर आली, पण पुस्तकातल्या नंबराशी एक आकडा जुळेल तर शपथ! मिस्टरांचा चेहरा असा पडला, असा पडला... मी तेव्हा सहज दाणे कुटून आणलेत का विचारायला गेले होते.

बस्स. संध्याकाळपर्यंत किराणावाल्याकडे बातमी, 'चोरीचं इंजिन.' कोपऱ्यावरच्या काकू तर म्हणाल्या, पोलीस येऊन गेले. कुठले पोलीस? गॅसवाला आला होता.

वहिनींना हे लागलं हो. माणसाला लागतंच. आणि त्यातच आले त्यांच्या माहेरचे कोणीतरी, पूर्वी मॅटाडोर चालवायचे. त्यांनी बॉनेटखाली डोकावून ऐटीत सांगितलं, 'अरे, हे मॅटाडोरचं दिसतंय. म्हणजे मर्सिडीजचं!' आता यात खोटं काही नाही, बजाज टेम्पोच्या मॅटाडोरला मर्सिडीजच्या ६१६ जातीचं डिझेल इंजिन असायचं, परवान्यावर पुण्याला बनवलेलं. पण ते 'दिसतंय' होतं, 'आहे' नव्हतं. वहिनींनी मधला शब्द गिळला आणि शुक्रवारच्या भिशीत जाहीर केलं, 'आमच्या पिकअपला मर्सिडीजचं इंजिन आहे म्हटलं.' तुम्ही नव्हता तेव्हा. साबुदाणा वड्याचा घास हातात तसाच राहिला एकेकीचा. ती नवीन बीएमडब्ल्यू घेतलेली नाही का, तिनं फक्त 'ओह, नाइस' म्हटलं. पण कसं म्हटलं!

आणि रविवारी इंजिन उघडलं.

अहो, काय गर्दी! मिस्त्री, मिस्टर, धाकटी, ओझरचे काका, म्हणजे आजोबांचे सख्खे धाकटे भाऊ, शिवाय आपले महिंद्रावाले काका. ते रिटायर झाले तरी 'आमच्या लाइनवर' असंच बोलतात. आणि आमचे हे. ह्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण हे मायकोत आयुष्य काढलेले, डिझेल म्हटलं की कान टवकारतात. कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं, पण नाशकात सर्कल अजून मायको सर्कलच आणि आमचे हे अजून मायकोवालेच. आजी ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. मी मेथीला हातभार लावायला गेले. कुणीतरी जायला नको का?

ह्यांनी आधी पंपाची पाटी पुसली आणि घोषणा केली, 'पंप आमचा आहे.' महिंद्रावाले काका हसले. 'तुमचा पंप कुठे नाही?' खरंच आहे ते, मायकोचा पंप म्हणजे घरोघरी स्टीलचा डबा, त्यावरून घर ओळखता येत नाही. ह्यांचं तोंड जरा उतरलं. पण आमचे हे गप्प बसणारे नाहीत. दोन मिनिटं इंजिनाभोवती फिरले आणि एकदम म्हणाले, 'हीटर प्लग कुठे आहेत?'

तुमच्याकडे जीप आहे, तुम्हाला यातलं थोडंफार कळत असेल. प्यूजोच्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत फवारतं, तिथे पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये उतरतं. थंडीत ती खोली तापवावी लागते, म्हणून दर सिलिंडरला एक हीटर प्लग. चार सिलिंडर, चार प्लग. इथे एकही नाही! प्लग नाही तो नाही, प्लगला भोकसुद्धा नाही.

आता गंमत ऐका. त्या पिकअपच्या डॅशबोर्डवर हीटरचं काळं बटण आहे ना? मिस्टर आयुष्यभर ते फिरवायचे आणि एक ते वीस मोजायचे. वहिनी पैठणी नेसून आत बसलेल्या, मुहूर्त टळतोय, आणि हे आपले 'सतरा... अठरा...' कुणी मध्ये बोललं तर पुन्हा एकपासून. धाकटीनं त्या बटणाची वायर बोटानं धरून मागोवा घेतला. डॅशबोर्डखालून निघाली, फायरवॉलच्या भोकातून पलीकडे आली, आणि बॅटरीमागे टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, लोंबकळत! कुठेच जोडलेली नाही! वहिनी मिस्टरांकडे बघतायत, मिस्टर वायरीकडे बघतायत. मग वहिनी एवढंच म्हणाल्या, 'माझ्या भावाच्या लग्नात अक्षता चुकल्या होत्या.' बाई गं! मी मेथीत तोंड खुपसलं.

मर्सिडीजचा निकाल तर एका मिनिटात लागला. मिस्त्रींनी टॅपेट कव्हर काढलं. मर्सिडीजच्या त्या ६१६ ला कॅमशाफ्ट वरतीच असतो, कव्हर काढलं की समोर आडवा दिसतो. इथे नुसते रॉकर, आणि त्यांना खालून ढोसणाऱ्या लांब काड्या, पुशरॉड. म्हणजे कॅम खाली पोटात. महिंद्रावाले काका म्हणाले, 'वहिनी, मर्सिडीज गेली.' वहिनी म्हणाल्या, 'मी कुठे म्हटलं होतं मर्सिडीज?' घ्या! भिशीतल्या अकरा जणी साक्षीला.

मग हेड उतरवलं. देवघरासमोरून ते गॅस्केट आणलं, ब्लॉकवर धरलं. पाण्याची भोकं एकीकडे, बोल्ट भलतीकडे. जुळेचना. मिस्टर उलटं करून बघतात, सुलटं करून बघतात... दुकानदार उघडलेलं पाकीट परत घेत नाही, तोही एक मुद्दा.

इथे आमच्या ह्यांनी भाषण दिलं, पण चांगलं दिलं हो. म्हणाले, इंजिनाच्या नावातच पुष्कळदा त्याचं माप असतं. टाटाचं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर. ४८३ म्हणजे चार आणि ८३. ट्रकचं ६९७ म्हणजे सहा आणि ९७. आणि प्यूजोचं पूर्ण नाव एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर, नव्वदचा बोअर. तेव्हा बोअर मोजा, नाव कळेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, टाटा ४०७ पुढे गेली की हे काहीतरी पुटपुटतात, त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

धाकटीनं व्हर्निअर आत घातला. ८९ आणि वर दोन पॉइंट.

'म्हणजे नव्वदच,' महिंद्रावाले काका म्हणाले. 'प्यूजोच आहे. जुनं इंजिन, झिजलंय एवढंच.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मिस्त्रींनीसुद्धा. आमच्या ह्यांनीसुद्धा, आता कशाला लपवू.

आणि धाकटी हळूच म्हणाली, 'काका, पण बोअर झिजला तर मोठा होईल ना? लहान कसा होईल?'

अहो, शेडमध्ये शांतता! आतला पिस्टन वर-खाली घासून-घासून सिलिंडरची भिंत झिजते, म्हणजे भोक रुंदावतं. नव्वदचं भोक झिजून एकोणनव्वद कधीच होणार नाही. एवढे म्हातारे-कोतारे इंजिनवाले उभे, आणि कुणाच्या डोक्यात नाही. काकांचा चेहरा... मला वाईट वाटलं हो. पण बघितला मी नीट.

मग तिनं काय केलं, सिलिंडरच्या अगदी तोंडाशी बारीक काठ असतो ना, जिथवर पिस्टनच्या रिंगा पोचत नाहीत, म्हणून तो झिजत नाही, तिथे मोजलं. ८८.९. मोबाईलवर गुणाकार केला आणि म्हणाली, 'हे मिलिमीटरचं इंजिनच नाही. इंचाचं आहे. साडेतीन इंच!' मग पिस्टन वरून खाली किती जातो तो स्ट्रोक मोजला. १०१.६. बरोब्बर चार इंच. प्यूजोचा तो ८३ मिलिमीटर असतो.

'साडेतीन बाय चार' ऐकल्याबरोबर महिंद्रावाल्या काकांनी कपाळावर हात मारला. 'अरे, हे एमडीआय! आपलं डीआय! २५२३ सीसी!' आणि मग त्यांची गाडी सुटली. १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली, त्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाचा स्ट्रोकसुद्धा चारच इंच, हे त्याच घराण्यातलं. डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात फवारतं, म्हणून हीटर लागत नाही आणि म्हणून आवाज असा खडखड. मिस्त्रींनी लगेच पिस्टनवरचं काजळ पुसलं. होता खळगा, छान वाटीसारखा. आवाजाचं तर मी कधीपासून म्हणत होते की ही गाडी ट्रॅक्टरसारखी वाजते. तेव्हा आजोबा म्हणायचे, फ्रेंच गाड्या अशाच वाजतात.

मी चेहऱ्यांचं सांगते. सगळे इंजिनाकडे बघत होते, मी आजींकडे बघत होते. काका पुढे म्हणाले, 'डीआय म्हणजे कमांडरचं असणार. काळ्या-पिवळ्यांना हेच असायचं.' आणि आजींचा हात थांबला. मेथीची काडी अशी हातात, पान तोडायचं राहिलेलं. कमांडर, काळी-पिवळी... तुम्हाला काही आठवतंय? निफाडचे मामा! आजींचे सख्खे भाऊ. निफाड-लासलगाव काळी-पिवळी चालवायचे. २००३ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरच्या फेऱ्या मारून चार पैसे केले आणि पुढे लगेचच गाडी उलटली, माणसं वाचली, बॉडी गेली. इंजिन मात्र धडधाकट होतं म्हणतात.

मी सहज, अगदी सहज म्हटलं, 'आजी, मामांच्या कमांडरचं पुढे काय झालं हो?'

आजी उठून आत गेल्या.

बाकीचं मग ओझरच्या काकांनीच उलगडलं, स्वतःला नको असताना. एकदम लाल झाले. 'दादानं सिंहस्थाच्या वर्षी प्यूजो रिकंडिशन केलं म्हणून माझ्याकडून अर्धे पैसे घेतले होते! बाग सामाईक, गाडी सामाईक, खर्च अर्धा-अर्धा!' म्हणजे रिकंडिशन काही झालंच नव्हतं. मामाच्या उलटलेल्या गाडीचं इंजिन उचललं, इथे बसवलं आणि भावाला हिशेब दिला प्यूजोचा. मिस्टर म्हणाले, 'काका, गेलेल्या माणसाबद्दल...' काका म्हणाले, 'गेलेल्या माणसाबद्दल नाही, गेलेल्या पैशांबद्दल बोलतोय!' मी म्हणते म्हणून नव्हे, पण त्याच दिवाळीत आजींच्या हातात नव्या पाटल्या आल्या होत्या. तुम्हीच म्हणाला होतात ना, नक्षी किती सुंदर आहे म्हणून?... जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

आता चोरीचं नाही हे कळलं, तरी कागदाचं लफडं आहेच. इंजिन बदललं तर आरटीओला कळवून पुस्तकात नोंद करून घ्यायला लागते, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम, धाकटी तोंडपाठ म्हणून दाखवते. आणि त्याला पुरावा हवा, इंजिन कुठून आणलं त्याचा. म्हणजे मामांचा कागद हवा, सही हवी. आणि मामा तर या घरची पायरी चढत नाहीत! आजोबांच्या तेराव्याला आले, तेही पानावर बसले नाहीत, पाणी पिऊन निघून गेले. का, ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. मला वाटायचं वाटणीचं काहीतरी असेल.

परवा वहिनी आणि धाकटी निफाडला जाऊन आल्या. पुरणपोळ्या नेल्या होत्या, तुपाचा डबा वेगळा. मामा आधी बोलेनात. मग धाकटीनं पेन्सिलनं छापलेला नंबर पुढे ठेवला, आणि मामांनी ट्रंकेतून कमांडरचं जुनं पुस्तक काढलं. आकडा न् आकडा जुळला! मामांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. वहिनी म्हणतात भाच्याच्या मुलीला बघून आलं, धाकटी म्हणते इंजिनाचा नंबर बघून. मी धाकटीचं मानते.

तर भांडणाचं कारण असं निघालं, की सौदा अदलाबदलीचा होता. मामांनी कमांडरचं इंजिन द्यायचं आणि पिकअपमधून निघालेलं जुनं प्यूजो मामांना मिळायचं, त्यांच्या दुसऱ्या जीपसाठी. पण इंजिन उतरलं, आणि आजोबा म्हणाले, 'ब्लॉकला तडा होता, भंगारात घातलं, अंबड लिंक रोडला.' मामा बिचारे त्या भंगार बाजारात दुकान न् दुकान हिंडले. सापडेना. तिथून बोलणं तुटलं ते तुटलंच. आणि तो बाजारही २०१७ मध्ये महापालिकेनं उठवला, आता विचारायचं कुणाला? मामा म्हणाले, 'सही देतो. आत्ता देतो. पण माझं प्यूजो कुठे गेलं तेवढं सांगा.'

हे आजींच्या कानावर घातलं काल रात्री. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'भंगारात कशाला जाईल? चांगलं चालू इंजिन होतं. रोख पैसे घेऊन दिलं त्यांनी, इथेच, कॉलनीत. एक उंच बॉनेटची जुनी जीप होती, पेट्रोल फार प्यायची, तिला बसवलं.' नाव काही सांगितलं नाही. मीही कुणाचं नाव घेत नाही, मला सवय नाही ती.

पण उंच बॉनेटच्या जीपा कॉलनीत आहेतच किती? ते जुनं विलीज जातीचं पेट्रोल इंजिन उंचीला जास्त म्हणूनच ना बॉनेट तेवढं उंच? आणि तुमच्या ह्यांनी सिंहस्थाच्याच वर्षी जीप डिझेल करून घेतली, तेव्हा केवढे पेढे वाटले होते! आणि थंडीत रोज सकाळी हीटर लावून थांबतात, ते मला इथून दिसतं. तुमच्या हीटरची वायर कुठेतरी जाते, एवढं नक्की.

नाही नाही, मी काही म्हणत नाही. आजोबा होतेच तसे, तुमच्या ह्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. पण पिकअपच्या पुस्तकात मूळ प्यूजोचा नंबर आहे, तो धाकटीनं मला लिहून दिलाय. हा बघा. मामा रविवारी येतायत. तुमचे हे आत्ता बाहेर गेलेत ना? मग चला की, बॉनेट उघडून बघू. पेन्सिल मी आणलीय.